स्वच्छ रेषेआधीचा काळा कागद

ब्रुसेल्सला कॉमिक्स शिकायला गेले तेव्हा मला 'टिनटिन'चा चित्रकार एर्जे याची रेषा सोपी वाटायची. टिनटिनचा गोल चेहरा, डोळ्यांच्या जागी दोन ठिपके, छायाप्रकाश जवळजवळ नाहीच. पहिल्याच आठवड्यात त्याचं एक पान उतरवायला दिलं. मी थेट शाई घेऊन बसले. संध्याकाळी माझा टिनटिन पळण्याच्या पवित्र्यात नुसता उभा होता.

मग लुव्हँ-ला-नव्हच्या एर्जे संग्रहालयात त्याची पेन्सिलची पानं पाहिली. एकेका पायावर रेघांचं जंजाळ, कागद काळा झालेला. त्यातली सगळ्यात जिवंत रेघ तो ट्रेसिंग पेपरवर उचलायचा, शाई त्यानंतर. तेव्हा नव्याने येणाऱ्यांनो, सुरुवातीला खोडरबर दूर ठेवा. चुकलेल्या रेघा कागदावर राहू द्या, त्यांच्यातूनच निवडायचं असतं.

फ्रेंच मात्र निघण्याआधीच शिका. वर्गात तुमच्या पानावर बोलतात ते फ्रेंचमध्येच.

सगळ्यांनी एर्जेसारखंच काढावं असंही नाही. 'स्पिरू' या कॉमिक्स साप्ताहिकातल्या फ्रांकँची रेषा उसळती, लवचीक. फ्रेंच चित्रकार मोबियसची बारीक रेघारेघांची. मला अजूनही फ्रांकँच जवळचा वाटतो. पण पान कसं वाचलं जातं, ते एर्जेकडूनच कळलं. टिनटिन १० जानेवारी १९२९ पासून एका वृत्तपत्राच्या मुलांच्या पुरवणीत क्रमशः आला. वाचकाला आठवडाभर थांबवायचं, म्हणून शेवटच्या चौकटीत काहीतरी अडकवून ठेवायचं. संवादांचे फुगे झाकून पान बघा. गोष्ट तरीही कळली पाहिजे.

आणि संदर्भ! काँगोची गोष्ट एर्जेने तिथे न जाता रचली. वसाहतवादी समजुती तशाच तिच्यात उतरल्या आणि आज त्या वाचवत नाहीत. १९३४ मध्ये चीनची गोष्ट काढताना त्याला ब्रुसेल्सच्या कला अकादमीत शिकणारा चांग चोंगरेन भेटला. 'ब्लू लोटस' या त्या गोष्टीतल्या शांघायच्या पाट्यांवर खरी चिनी अक्षरं आहेत, ती चांगमुळे.

मी वर्गात लालबागच्या आमच्या चाळीची गोष्ट काढत होते. सरांनी विचारलं, "जिन्याचा कठडा चढताना उजवीकडे की डावीकडे?" मला सांगता येईना. जन्म त्या चाळीतला. रात्री आईला फोन केला. ती मोबाइल घेऊन खाली उतरली आणि पायरीपायरीवर थांबून तिने मला जिन्याचे सतरा फोटो पाठवले.