मोल्सवर्थचा खण

एम.ए.चा एक मुलगा काउंटरवर आला आणि म्हणाला, "मोल्सवर्थ हवा होता." आमचे शिपाईमामा आत गेले आणि तळहातावर मावेल असं एक आडवं, जुनं, कडा झिजलेलं पुस्तक घेऊन आले. मुलाने उघडलं तर आत तुळईवर किती भार चालेल, पाटातून पाणी किती वेगाने वाहील असली सूत्रं. त्याला हवा होता मराठी-इंग्रजी कोश. मामांची चूक नव्हती. पुस्तकावर नाव मोल्सवर्थच होतं, आणि रजिस्टरात दोन्ही पुस्तकांपुढे लेखकाच्या रकान्यात तेवढंच लिहिलेलं: "मोल्सवर्थ". अक्षर माझं.

ग्रंथालयात मी एकतीस वर्षं काढली. त्या दुपारी घेतलेला धडा पुढे प्रत्येक आडनावाला लावला. आता तरुण मंडळी संगणकावर "या आडनावाची नामवंत माणसं" अशा याद्या करतात आणि अडलं की मला फोन करतात. त्यांना मी पहिल्यांदा हेच आडनाव देते. स्मिथ घेतलं तर जन्म पुरायचा नाही. मोल्सवर्थ कार्डांच्या एका खणात मावतं, आणि यादी करताना जेवढे खड्डे लागतात तेवढे सगळे त्या एका खणात आहेत.

सुरुवात हातातल्या वस्तूपासून करा, ऐकीव माहितीपासून नाही. पुस्तक असेल तर पुठ्ठा सोडा, आतलं शीर्षकपान उघडा. पुठ्ठ्यावर जागा कमी, म्हणून तिथे नुसतं आडनाव असतं. आतल्या पानावर पूर्ण नाव, हुद्दा, पदव्या, साल, छापणारा, सगळं सापडतं. आमच्या दोन पुस्तकांपैकी कोशावर होतं जेम्स थॉमस मोल्सवर्थ आणि त्या चिमुकल्या पुस्तकावर गिल्फर्ड लिंडसे मोल्सवर्थ. पाच मिनिटांचं काम. ते मी केलं नव्हतं.

मग सालं मांडा. माणसं वेगळी करायला सालाइतकं धारदार हत्यार नाही. जेम्स थॉमस जन्मला १७९५ साली. कोवळ्या वयात कंपनीच्या फौजेत दाखल होऊन हिंदुस्थानात आला, मराठी-संस्कृत शिकला, पंडितांना हाताशी धरून शब्द गोळा करत बसला. जॉर्ज आणि थॉमस कँडी हे भाऊ मदतीला होते. पंडितांच्या त्या खटपटीतून १८२९ साली मराठी-मराठी कोश बाहेर पडला आणि १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश. त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची, सुमारे साठ हजार शब्दांची. आपण "मोल्सवर्थ बघ" म्हणतो तो हा. गिल्फर्ड जन्मला १८२८ साली. आधी सिलोनच्या रेल्वेवर, मग हिंदुस्थान सरकारच्या रेल्वेचा सल्लागार इंजिनीयर, पुढे सर. खिशातलं सूत्रांचं पुस्तक त्याने १८६० च्या दशकात काढलं आणि ते इतकं चाललं की इंजिनीयर लोकही "मोल्सवर्थ बघ" म्हणू लागले. वारला १९२५ साली, म्हणजे शंभरीला चार वर्षं कमी. कोशाची पहिली आवृत्ती छापखान्यातून आली तेव्हा हा इंजिनीयर तीन वर्षांचा होता. एवढी दोन सालं शेजारी लिहिली असती तर घोटाळा झालाच नसता.

आता कार्ड, म्हणजे एकेका नावाची नोंद. आमची कार्डं पाच इंच बाय तीन इंचांची, खाली मधोमध भोक, त्यातून खणाची सळई जायची. तुमचं कार्ड संगणकावर असेल, पण मजकूर तोच ठेवा: आडनाव, स्वल्पविराम, पूर्ण नाव, कंसात सालं, आणि ओळख चार शब्दांत. ओळखीत नाम लिहा, विशेषण नको. "थोर", "सुप्रसिद्ध", "अष्टपैलू" यांनी माणूस वेगळा होत नाही. "मराठी कोशकार" म्हटलं की झाला. "रेल्वे इंजिनीयर" म्हटलं की दुसरा झाला.

लेखनाचं काय करायचं, हा मराठीत काम करणाऱ्याचा खास ताप. इंग्रजीत स्पेलिंग एकच, आपल्याकडे मोल्सवर्थ, मोलस्वर्थ, मोलेस्वर्थ, मोल्सवर्द. आणि जुन्या मंडळींच्या तोंडी तर मोलेसरशास्त्री. ज्याला जसं ऐकू आलं तसं त्याने लिहिलं. यातलं बरोबर कुठलं यावर भांडू नका. एक रूप धरा, बाकीच्यांना एकेक कोरं कार्ड द्या आणि त्यावर फक्त "पाहा: मोल्सवर्थ" लिहा. कँडीसाहेबाचंही तेच. जुन्या छपाईत क्यांडी, नंतर कँडी, कुठे कॅन्डी. मजा अशी की मराठीत स्वल्पविराम, अर्धविराम रुजवायला १८५० साली पुस्तिका लिहिणारा थॉमस कँडी तोच, आणि त्याच्याच नावावरचा अनुस्वार अजून ठरत नाही.

आडनावाचा अर्थही एका कार्डावर नोंदवून ठेवा, पुढे उपयोगी पडतो. "वर्थ" म्हणजे जुन्या इंग्रजीत कुंपण घातलेली जागा, आपल्या भाषेत वाडी. मूल नावाच्या कुणाची तरी वाडी, ते मोल्सवर्थ. इंग्लंडात या नावाचं खेडं आहे, पूर्वी हंटिंग्डनशरमध्ये होतं, आता केंब्रिजशरमध्ये धरतात. म्हणजे हे आडनाव आपल्या "कर"वाल्या आडनावांच्या जातीचं, गावावरून पडलेलं. सगळे सातारकर एका घरातले नसतात हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. इंग्रजी आडनाव दिसलं की मात्र आपण लगेच वंशवृक्ष काढायला बसतो.

म्हणून नात्याचा नियम कडक ठेवा. लेखी पुरावा हाती असेल तरच "भाऊ", "मुलगी", "पुतण्या" लिहा. इंजिनीयर गिल्फर्ड आणि इतिहासकार विल्यम नासॉ मोल्सवर्थ हे सख्खे भाऊ, इंग्लंडातल्या रॉचडेलच्या धर्मगुरूची मुलं. हे पक्कं, तेव्हा दोन्ही कार्डांवर लिहायचं. धाकटा हिंदुस्थानात रूळ टाकायला आला, थोरला रॉचडेलला राहिला आणि तिथल्या सहकारी चळवळीच्या पाठीशी उभा राहिला. कोशकारापासून या दोघांकडे मात्र मी रेघ ओढलेली नाही. एक काम हिंदुस्थानातलं, दुसरंही हिंदुस्थानातलं, एवढ्यावरून काका-पुतणे होत नाहीत. एका हौशी गृहस्थांनी मला तशी यादी दाखवली होती, त्यात बाण काढले होते. मी बाण पुसायला सांगितले. ते रागावले.

पदव्यांपाशी थांबा. व्हायकाउंट ही तिकडच्या सरदारांची एक पदवी. "व्हायकाउंट मोल्सवर्थ" हे नाव नाही, ती गादी आहे, आणि गादीवर माणसं बदलतात. पहिला व्हायकाउंट रॉबर्ट (१६५६–१७२५) डेन्मार्कमध्ये इंग्लंडचा वकील होता आणि तिथल्या राजाच्या अनिर्बंध सत्तेवर पुस्तक लिहून त्याने खळबळ उडवली. तिसरा व्हायकाउंट रिचर्ड (१६८०–१७५८) शिपाईगडी. १७०६ साली रामिलीच्या लढाईत सेनापती मार्लबरो घोड्यावरून पडला, तेव्हा याने स्वतःचा घोडा त्याला दिला. पुढे फील्डमार्शल झाला. कुणी "लॉर्ड मोल्सवर्थ म्हणतात" असं वाक्य आणून दिलं तर आधी साल विचारा, मग नाव लावा. पेनकॅरोच्या बॅरोनेटांची शाखा आणखी वेगळी. त्यांना वारशाने "सर" लावतात, आणि इंजिनीयर गिल्फर्डलाही "सर" लावतात, पण त्याचं "सर" स्वतः कमावलेलं, पोराला न जाणारं. दोन "सर" एका रांगेत बसवू नका.

त्या शाखेतला सर विल्यम (१८१०–१८५५) माझा आवडता. तत्त्वज्ञ हॉब्जचं सगळं लेखन त्याने इंग्रजीचे अकरा आणि लॅटिनचे पाच खंड करून छापलं, कैद्यांना ऑस्ट्रेलियात पाठवण्याच्या पद्धतीविरुद्ध पार्लमेंटात लढला, आणि मंत्री असताना लंडनजवळची क्यू बाग रविवारी लोकांना उघडी करून दिली. कॉर्नवॉलमधल्या त्याच्या पेनकॅरोच्या बागेत दक्षिण अमेरिकेतलं एक काटेरी झाड लावलेलं. त्याच्याकडे पाहून एक पाहुणा म्हणाला म्हणे, यावर चढायचं तर माकडसुद्धा कोड्यात पडेल. इंग्रजीत त्या झाडाला आजही माकडाचं कोडं म्हणतात. यादीत असल्या गोष्टी घालायच्या नसतात. पण कार्डाच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवल्या तर कुणाचं काही बिघडत नाही, आणि काम करणाऱ्याला दुपारी झोप येत नाही.

नावं तीच ती येतात तिथे खरी कसरत. विल्यम पाहा: सर विल्यम, इतिहासकार विल्यम नासॉ, आणि सर विल्यमचे आजोबा, तेही सर विल्यम. रॉबर्ट दोन: एक व्हायकाउंट, दुसरा ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियाचा न्यायाधीश (१८०६–१८९०). इथे साल आणि हुद्दा दोन्ही लिहिले की निभतं. पण हेलन मोल्सवर्थ दोन आहेत आणि दोघी आजच्या. एक अमेरिकेतली, आधुनिक कलेच्या संग्रहालयांतली क्युरेटर, लॉस एंजेलिसला मुख्य क्युरेटर होती. दुसरी इंग्लंडातली, रत्नं आणि दागिन्यांची जाणकार, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात दागिन्यांची क्युरेटर. नाव एक, आडनाव एक, काळ एक, हुद्दासुद्धा एकच! "हेलन मोल्सवर्थ, क्युरेटर" लिहिलंत तर माझ्या रजिस्टरासारखंच झालं. इथे ओळख आणखी एक पायरी खाली न्यावी लागते: "आधुनिक कला, अमेरिका" आणि "दागिने, लंडन". ओळख किती बारीक करायची याचं माप हेच. शेजारच्या कार्डापासून वेगळी झाली की थांबा.

बायकांची कार्डं करताना सासर-माहेर दोन्ही तपासा. हे आपल्याला शिकवायला नको, तरी चुकतं. मुलांसाठी लिहिणारी मिसेस मोल्सवर्थ (१८३९–१९२१) जन्माने मेरी लुइझा स्टुअर्ट, रॉटरडॅमला जन्मलेली. १८६१ साली मेजर रिचर्ड मोल्सवर्थशी लग्न झालं आणि सगळी कीर्ती सासरच्या आडनावाला मिळाली. उलट बाजूला मेरी मंक. ती व्हायकाउंट रॉबर्टची मुलगी, कवयित्री. तिच्या कविता ती गेल्यावर १७१६ साली बापाने छापल्या. ती मोल्सवर्थ घराण्यातली, पण नुसतं आडनाव शोधणाऱ्याला कधी सापडणार नाही. पहिलीला मुख्य कार्ड द्या, दुसरीला मंकखाली मुख्य आणि मोल्सवर्थखाली "पाहा". कॅरोलाइन मोल्सवर्थ (१७९४–१८७२) हिचं काम सोपं, तिने लग्नच केलं नाही. सरीमधल्या कॉबमला राहून १८२५ ते १८५० अशी पंचवीस वर्षं रोजची हवा आणि कुठलं झाड कधी फुललं हे लिहीत राहिली. कोशकारापेक्षा वर्षाने मोठी, आणि चिकाटी त्याच्याच तोलाची.

हिला यादीत का घ्यायचं, असं मला एकाने विचारलं. कोणाला घ्यायचं, कोणाला वगळायचं, ही माझी कसोटी सांगते, पटली तर घ्या: त्या माणसाने मागे ठेवलेलं काही दुसरं कुणी वापरतं का? कोश वापरतात, सूत्रं वापरत होते, कॅरोलाइनच्या नोंदी तिच्यामागे निवडून छापल्या गेल्या. नुसता गादीवर बसून गेलेला व्हायकाउंट माझ्या खणात नाही.

गावं, रस्ते आणि गोष्टीतली माणसं वेगळी. डब्लिनला मोल्सवर्थ रस्ता आहे. मोल्सवर्थ खेड्याजवळचा हवाई दलाचा तळ १९८० च्या दशकात क्रूझ क्षेपणास्त्रांमुळे आणि कुंपणाबाहेर ठिय्या देणाऱ्या शांतिवाद्यांमुळे गाजला. आणि १९५० च्या दशकातला एक विनोदी शाळकरी पोरगा, ज्याला एकही शब्द धड लिहिता येत नाही, त्याचंही आडनाव मोल्सवर्थच. कोशकाराच्या शेजारी त्याला बसवायचा मोह होतो. बसवू नका. या सगळ्यांसाठी एक रंगीत कार्ड खणात उभं करायचं आणि हे सगळे त्याच्यामागे.

शेवटी वर्गांक, म्हणजे विषयाप्रमाणे पुस्तकाची जागा ठरवणारे आकडे, घातले. कोश ४९१.४६ वर गेला, खिशातलं पुस्तक ६२० वर, म्हणजे दोघांमध्ये बरीच कपाटं आली. पण सळई घालण्याआधी कार्डं दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या, ज्याने ती केलेली नाहीत अशाच्या. मी मामांना बसवलं. "मराठी कोश?" त्यांनी बरोबर काढला. "रेल्वेवाला?" बरोबर. "दागिन्यांची बाई?" तीही. मग ते स्वतःच देणगीच्या ढिगातून मुलांच्या गोष्टींचं एक फाटकं पुस्तक घेऊन आले आणि म्हणाले, "बाई, ही आपल्याकडे कुठाय?" लेखिका एनिस ग्रॅहम. माझ्या खणात नव्हती. शोधलं तर मिसेस मोल्सवर्थ सुरुवातीला याच नावाने लिहीत होती. "ग्रॅहम, एनिस. पाहा: मोल्सवर्थ, मेरी लुइझा" हे कार्ड मी त्या संध्याकाळी दिवे मालवायच्या आधी लिहिलं.