हिवाळ्यात जुन्या बंदरगावाला जाताय? मग आधी ओहोटीची वेळ बघा

जुनं बंदरगाव बघायचं तर माझ्या मते हिवाळाच बेस्ट, गर्दी नसते, गल्ल्या मोकळ्या असतात. पण आपण रूम बुक करतो, गाडीचा टाइम बघतो आणि पाण्याचा टाइम बघायचं राहूनच जातं. मी पहिल्यांदा असाच गेलो, नेमका पूर्ण भरतीला पोचलो, धक्क्याच्या वरच्या दोन पायऱ्या तेवढ्या दिसत होत्या आणि बघता बघता अंधार पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीला तिथेच गेलो तर अख्खं जुनं बंदर उघडं पडलेलं! बोटी बांधायच्या लोखंडी कड्या वेगवेगळ्या उंचीवर ठोकलेल्या, बोट वर ओढायचा दगडी उतार, चिखलातून डोकावणाऱ्या कुठल्यातरी जुन्या होडीच्या फासळ्या. तेव्हापासून मी तारीखच ओहोटीवरून ठरवतो.

ते कसं करायचं सांगतो. बहुतेक किनाऱ्यांवर एका ओहोटीपासून पुढची ओहोटी साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते, म्हणजे रोज वेळ जवळपास ५० मिनिटं पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस उधाण असतं आणि पाणी सगळ्यात खाली पण तेव्हाच जातं, उलट अष्टमीच्या सुमारास भांग असतो, म्हणजे पाण्याचा चढ-उतार सगळ्यात कमी, मग फारसं काही उघडं पडत नाही. त्यामुळे कॅलेंडरवर तिथी बघा, मग त्या बंदराचा भरतीचा तक्ता काढा आणि दिवसाउजेडी ओहोटी येईल असा दिवस निवडा, कारण हिवाळ्यात उजेड आधीच कमी. बाल्टिक किंवा भूमध्य समुद्रावर जाणार असाल तर हे सोडा, तिथे बहुतेक ठिकाणी भरती-ओहोटी नावालाच असते. वादळी हवा असेल तर तक्त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, हवेचा दाब १ मिलिबारने उतरला की पाणी साधारण १ सेंटीमीटर चढतं, त्यात किनाऱ्याकडे वारा असला की अजून वर.

खाली उतरायचं ते ओहोटीच्या तासभर आधी आणि पाणी वळलं की निघायचं, रेंगाळायचं नाही. सहा तासांच्या भरतीत तिसऱ्या-चौथ्या तासातच जवळपास निम्मं पाणी चढतं आणि मागची वाट कधी बंद झाली ते कळत नाही. हिरवं शेवाळ दिसेल तिथे पाय ठेवू नका, आणि ताणलेल्या दोरावरून ओलांडून जाऊ नका, बोट हलली की तो दोर झटक्यात वर येतो.

चिखलातलं लाकूड हलवू नका प्लीज, आठवण म्हणून तुकडा तर अजिबात नको. चिखलात ऑक्सिजन नसतो म्हणून ते टिकलेलं असतं, उघडं पडलं की खाऱ्या पाण्यातला लाकूडपोखऱ्या जीव ते पोखरून टाकतो. स्वीडनचं वासा जहाज १६२८ मध्ये स्टॉकहोमच्या बंदरातच बुडालं आणि १९६१ मध्ये जवळजवळ अखंड वर काढलं, त्याचं मोठं कारण हेच की बाल्टिकचं पाणी कमी खारट, तिथे हा जीव जगत नाही.

म्युझियम वगैरे हिवाळ्यात बऱ्याचदा बंद किंवा ठराविक दिवशीच उघडं असतं, फोन करूनच जा, फेरीबोटीचं पण तेच. कपडे एकावर एक घाला पण सगळ्यात वर वारा अडवणारं जॅकेट हवंच, धक्क्यावर खरी थंडी वाऱ्याची असते. मोबाइल आतल्या खिशात ठेवा, गारठ्याने बॅटरी पटकन उतरते.

गावातल्या भिंती मात्र ऊन तिरपं असताना बघा. हिवाळ्यात सूर्य खालून जातो, त्या आडव्या उजेडात दगडावर कोरलेली सालं, छिन्नीचे घाव, झिजलेली अक्षरं उठून दिसतात, भर उन्हाळ्याच्या दुपारी तीच भिंत सपाट वाटते. गोदामांच्या छपराखाली पुढे आलेली तुळई दिसली तर थांबा, माल वर ओढायची कप्पी तिथे असायची.

आणि अंधार पडला म्हणून लगेच रूमवर पळू नका. दीपगृह असेल तर धक्क्यावरून त्याचे झोत मोजा, प्रत्येक दीपगृहाची लय ठरलेली असते, दोन झोत मग अंधार, किंवा इतक्या सेकंदांनी एक, आणि ती सागरी नकाशावर लिहिलेली असते. नकाशा मोबाइलवर उघडून जुळवून बघा, खलाशी समोरचं दीपगृह कोणतं ते असंच ओळखतात.