वयोवृद्ध आप्त गाडी चालवण्यास सक्षम नसल्याचे कसे कळवावे

निव्वळ वय हे तक्रारीचे कारण होऊ शकत नाही. ऐंशी ओलांडलेली काही माणसे अत्यंत सावधपणे गाडी चालवतात, तर साठीतल्या एखाद्याला स्मृतिभ्रंशामुळे रोजचाच रस्ता चुकतो. म्हणून वाहन परवाना देणाऱ्या कार्यालयाला लिहिण्यापूर्वी शक्य असल्यास दोन-तीन वेळा आपल्या आप्तांच्या शेजारी बसून प्रवास करावा आणि जे दिसेल ते तारीख, वेळ व ठिकाणासह त्याच दिवशी लिहून ठेवावे. ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पाय पडणे, वळताना समोरून येणाऱ्या गाडीच्या वेगाचा अंदाज चुकणे, सिग्नल उशिरा ध्यानात येणे, आणि दारावरचा नवा ओरखडा कशाने पडला हे त्यांना सांगता न येणे, या खुणा मला सर्वांत गंभीर वाटतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे गेलेली असते, त्यामुळे क्षणभराचा गोंधळही पुरेसा ठरतो.

त्यानंतर त्यांच्या डॉक्टरांना भेटावे. मोतीबिंदू शस्त्रक्रियेने काढता येतो, गुंगी आणणारे औषध अनेकदा बदलता येते; काचबिंदूमुळे गेलेली बाजूची नजर मात्र परत येत नाही. गोपनीयतेमुळे डॉक्टर आपल्याला काही सांगणार नाहीत कदाचित, पण आपले म्हणणे ऐकून घेण्यास त्यांना कोणतीच आडकाठी नसते.

अर्जात मत लिहू नये, घटना लिहावी. ‘बाबा आता नीट गाडी चालवत नाहीत’ या वाक्यावरून अधिकाऱ्याला काहीच ठरवता येत नाही. त्याऐवजी ‘मंगळवारी संध्याकाळी सात वाजता शाळेजवळच्या चौकात लाल दिवा असूनही गाडी थांबली नाही, मी ओरडल्यावर त्यांनी ब्रेक दाबला आणि गाडी पादचारी पट्ट्यांवर जाऊन उभी राहिली’ असे लिहावे. आजाराचे निदान आपण करू नये. निनावी अर्ज सगळीकडे स्वीकारला जात नाही, तेव्हा आपले नाव गुप्त राहील का, हे आधी विचारून घ्यावे.

अर्ज करणार असल्याचे त्यांना शक्यतो आधी सांगावे, असे माझे ठाम मत आहे, कारण कार्यालयाचे पत्र हातात पडल्यावर घरातल्याच कोणीतरी कळवले हे समजणे फार जिव्हारी लागते. स्मृतिभ्रंशात मात्र स्वतःची उणीव स्वतःला जाणवतच नाही असे पुष्कळदा होते, आणि मग समजावण्यात दिवस घालवू नयेत. धोका त्याच क्षणी समोर असेल, तर अर्जाची वाट न पाहता पोलिसांना फोन करावा.

पुढे वैद्यकीय तपासणी, दृष्टिचाचणी किंवा प्रत्यक्ष वाहनचाचणी होऊ शकते, आणि परवाना रद्द होण्याऐवजी केवळ दिवसा चालवण्याची अट घातली जाण्याचीही शक्यता असते. निर्णय येईपर्यंत परवाना बहुधा चालूच राहतो. त्यामुळे दवाखाना, बँक आणि मित्रांची बैठक यांसाठी कोणत्या वारी कोण सोडणार, हे अर्ज देण्याआधीच घरात ठरवून त्यांना सांगावे.