बालीला योगा टीचर ट्रेनिंगला जाताय? मग सामानासोबत थोडी मनाची पण तयारी करा

आधीच स्पष्ट सांगते, नुसती आसनं शिकायला बालीला जायची काही गरज नाहीये. लोणावळ्याला 1924 पासून कैवल्यधाम आहे, पुण्यात अय्यंगारांची संस्था आहे, विमानाचे पैसे पण वाचतात. पण बालीतल्या उबुडला जायचं ठरलंच असेल तर तिथे जे वेगळं मिळतं त्यासाठी जा. तीन-चार आठवडे तुम्ही अशा लोकांत राहता ज्यांना तुमचं आडनाव, पगार, लग्न झालंय की नाही, कशाशीच देणंघेणं नसतं, आणि त्यांच्यासमोर उभं राहून तुम्हाला रोज बोलावं लागतं. माझ्या मते माणूस बदलतो तो इथे, हँडस्टँडमध्ये नाही.

कागदाचं पटकन उरकते. 200 तासांचा कोर्स साधारण 21 ते 28 दिवसांत संपवतात आणि आपल्याला व्हिसा ऑन अरायव्हल मिळतो 30 दिवसांचा, तो एकदा आणखी 30 दिवस वाढवता येतो. म्हणजे 28 दिवसांचा कोर्स असेल आणि तुम्ही चार दिवस आधी पोचणार असाल तर वाढवायचं गणित आधीच करून ठेवा. हे नियम अधूनमधून बदलतात, त्यामुळे तिकीट काढायच्या आधी ऑफिशियल साइट बघाच. टूरिस्ट लोकांकडून 1,50,000 इंडोनेशियन रुपियाची वेगळी लेव्ही पण घेतात, 2024 पासून. त्या व्हिसावर तिथे पैसे घेऊन क्लास घेता येत नाही, कोणी कितीही 'चलता है' म्हणालं तरी. आणि योगा अलायन्स म्हणजे सरकारी लायसन्स नाही, ती अमेरिकेतली एक संस्था आहे जी शाळांची आणि टीचर्सची नोंदणी करते. भारतात परत येऊन सरकारी कामात शिकवायचं डोक्यात असेल तर आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाची परीक्षा वेगळी बघावी लागेल.

आता मुद्द्याचं. वर्गात तुम्ही एकटेच भारतीय असाल तर पहिल्या दिवसापासून सगळे तुमच्याकडे 'हिला सगळं येत असणार' अशा नजरेने बघतात आणि आपल्यालाही ते गोड वाटतं, कारण शाळेत सूर्यनमस्कार घातलेले असतात, संस्कृत नावं तोंडात बसलेली असतात, आजी प्राणायाम करायची वगैरे. ही हवा डोक्यात जाऊ देऊ नका. शेजारची जर्मन मुलगी दहा वर्षं रोज सराव करत असू शकते आणि योगसूत्रं तुमच्यापेक्षा नीट वाचून आलेली असू शकते. पहिला आठवडा इतरांचे संस्कृत उच्चार सुधारायला तोंड उघडू नका, कोणी विचारलं तरच सांगा. गप्प बसून शिकणं हेच मुळात अवघड आहे, विशेषतः घरी-ऑफिसात ज्यांचं सगळे ऐकतात त्यांना.

दुसरी परीक्षा म्हणजे शेअरिंग सर्कल. सगळे गोल बसतात, एकेक जण मनातलं सांगतो, कोणी रडतं, शवासनात तर बरेच जण रडतात. आपल्याला चार लोकांत असं बोलायची सवय नसते, मग आपण एकतर विनोद करतो नाहीतर 'आय ॲम फाइन' म्हणून मोकळे होतो. सगळं आयुष्य उलगडायची सक्ती नाही, पण एक खरं छोटं वाक्य बोला, म्हणजे 'आज मला घरची आठवण येतेय' किंवा 'काल क्लास घेताना माझा आवाज कापत होता' इतकं पण पुरतं. दुसऱ्याच्या रडण्यावर सल्ला मात्र देऊ नका.

प्रॅक्टिस टीचिंगला सगळ्यात जास्त वेळ द्या. समोर तोंड करून उभं राहिलात की 'उजवा हात' म्हणायचं आणि आपला डावा उचलायचा, आरशासारखं, हे ऐकायला सोपं वाटतं पण पहिले काही दिवस मेंदूचं भजं होतं. आधी श्वास सांगायचा, मग हालचाल, मग कुठलं अंग कुठे, आणि मध्ये गप्प बसायचं. हे गप्प बसणं नवीन टीचरला जमतच नाही, आपण शांततेला घाबरून बडबडत सुटतो. रोज रात्री फोनवर दहा मिनिटं स्वतःचं रेकॉर्डिंग ऐका, किती वेळा 'ओके, सो' म्हणताय ते मोजा, लाज वाटेल पण उपयोग होतो. फीडबॅक घेताना 'कसं वाटलं?' विचारू नका, सगळे 'लव्हली एनर्जी' म्हणतात आणि त्यातून काही कळत नाही. त्यापेक्षा विचारा, 'तुम्ही नक्की कुठे गोंधळलात?' मग वही काढून लिहून घ्या, तिथल्या तिथे स्पष्टीकरण देत बसू नका. कोणाला हात लावून आसन सुधारायच्या आधी परवानगी घ्यायची सवय पण आत्ताच लावून घ्या.

ॲनाटॉमीचे तास झोपून काढू नका. मांडीचं हाड कमरेच्या खोबणीत कसं बसतं ते प्रत्येकाचं वेगळं असतं, त्यामुळे काहींना पद्मासन जन्मभर येणार नाही आणि त्यात त्यांचा दोष काहीच नाही. हे एकदा कळलं की शेजारच्या चटईवरच्या माजी डान्सरकडे बघून जळणं बरंच कमी होतं. रोज दोन-दोन वेळा सराव असतो, चतुरंगाने, म्हणजे कोपरं वाकवून दंडासारखं अंग खाली नेण्याने, मनगटं बोलायला लागतात, मांडीच्या मागे अगदी बसायच्या हाडाजवळ दुखलं तर ताणू नका, सरळ सांगा आणि त्या दिवशी सराव न करता नुसतं बसून बघा. बसून बघण्यात पण खूप शिकायला मिळतं.

खाण्याचं म्हणाल तर टेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), टोफू, गाडो-गाडो (शेंगदाण्याच्या सॉसमधल्या भाज्या) यावर शाकाहारी माणूस मजेत राहतो, फक्त सांबलमध्ये, म्हणजे तिथल्या मिरचीच्या चटणीत, बऱ्याचदा तेरासी म्हणजे कोळंबीची पेस्ट असते तेवढं विचारून घ्या. मेतकूट न्या, पोट बिघडलं की मऊ भातावर तेच कामी येतं.

कोर्स मार्चमध्ये असेल तर न्येपी कधी आहे बघून ठेवा. बालीचं ते शक नववर्ष, आपल्या पाडव्याच्या आसपास येतं, 2023 ला तर दोन्ही 22 मार्चलाच होते. त्या दिवशी 24 तास दिवे नाहीत, रस्त्यावर जायचं नाही, विमानतळ बंद, मोबाइल डेटा पण बंद. घरी आदल्या दिवशीच सांगून ठेवा नाहीतर आई पोलिसात जाईल. मला विचाराल तर तारखा मुद्दाम तशाच निवडा, कोर्समधल्या मौनात चोरून फोन बघता येतो, इथे तोही मार्ग नसतो.

परत आल्यावर पंधरा दिवसांच्या आत शिकवायला सुरुवात करा, सोसायटीच्या हॉलमध्ये, पाच माणसं चालतील. तिथे विन्यास फ्लो, म्हणजे श्वासाबरोबर एकामागून एक सलग आसनं, विसरा, समोर गुडघेदुखीवाल्या काकू असणार, म्हणून खुर्चीवर करायचे प्रकार तयार ठेवा. फी थोडी का होईना पहिल्या महिन्यापासून घ्या, फुकट असलं की जरा ढग आले तरी निम्मे लोक येत नाहीत.