आई-वडिलांशी वेगळ्या जागी राहायला जाण्याचं बोलणं कसं काढावं

"सगळे एकदा बसा आणि मोकळेपणानं बोला" असा सल्ला देणारी माणसं मला फार भेटतात. गावात वाडा, खाली शेत आणि घरात पंचाहत्तरीचे हट्टी वडील, हे तिन्ही त्यांच्यापैकी कुणाच्या वाट्याला आल्याचं ऐकिवात नाही. दिवाळीत भाऊ, बहिणी, सुना, जावई ओसरीवर गोळा करून "अण्णा, आता तुम्ही लातूरला राहायला या" म्हणून बघा. अण्णांना वाटतं, पंचायत बसली. आणि पंचायतीपुढं म्हातारा माणूस एकच शब्द बोलतो.

हे बोलणं काढायचं काम आमच्या भावकीत बहुतेक वेळा माझ्याच गळ्यात पडतं. इथं मी फक्त हिंडत्या-फिरत्या, स्वतःचं स्वतः करणाऱ्या आई-वडिलांबद्दल लिहितेय. गावातल्या मोठ्या घरात एकटं राहणं त्यांना जड जायला लागलंय आणि त्यांना अशा जागी न्यायचंय जिथं कुलूप त्यांचं, स्वयंपाकघर त्यांचं, पण घर तळमजल्यावर, दवाखाना जवळ आणि हाकेला माणूस. ते ज्येष्ठांसाठी बांधलेलं संकुल असेल किंवा जिल्ह्याच्या गावातला साधा भाड्याचा फ्लॅट असेल. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची गोष्ट वेगळी, त्यात हा लेख उपयोगाचा नाही.

१. आधी भावंडांचं एक करा

फोनवर करा, पण पक्कं करा. बोलणार एकच जण, आणि ती सून नसावी. सून कितीही गुणाची असली तरी तिच्या तोंडून हे वाक्य आलं की त्याचा अर्थच बदलतो. बहिणींना वगळू नका. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, त्यामुळं तिच्याशिवाय ठरवलेलं पुढं अडतंच.

२. वेळ

दवाखान्यात खाटेशेजारी बसून नाही. जोडीदार गेल्यावर वर्षश्राद्ध होईपर्यंत नाही. पेरणीच्या आणि सोयाबीन काढणीच्या धांदलीत तर नाहीच.

माझ्या मते येळवस (वेळा अमावस्या) झाली की संक्रांतीच्या आसपास तोंड उघडावं. कारण सोपं आहे. आपल्याकडं सालगड्याचं साल पाडव्याला बदलतं. शेत कोण बघणार, बटईनं (पिकाच्या वाट्यावर) द्यायचं की ठोक्यानं (ठरलेल्या रकमेवर), हे तेव्हाच ठरतं. वैशाखात बोलणं काढलं तर "आता साल लागलं, पुढच्या पाडव्याला बघू" हे उत्तर तयारच असतं, आणि ते खोटंही नसतं.

३. कुठं बसून

दोघंच. सकाळचा चहा झाल्यावर, टीव्ही आणि पंखा बंद करून, ज्या कानानं नीट ऐकू येतं त्या बाजूला. शेताच्या वाटेवर चालता चालता बोललात तर आणखी बरं, तोंडाकडं बघावं लागत नाही.

४. घर आणि शेत

सगळं अडतं ते इथं. मीही इथंच पार घायकुतीला आले होते. मी लिफ्टचं बोलायची, डॉक्टरांचं बोलायची, रात्री पाय घसरला तर काय याचं बोलायची. अण्णा सगळं ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे, मग उठून आतल्या खोलीत जायचे आणि ट्रंकेचं कुलूप ओढून बघून परत येऊन बसायचे. त्या ट्रंकेत एका कापडाच्या दुकानाची पिशवी, आणि पिशवीत सातबारा, आठ अ, पासबुक आणि जुन्या खरेदीखताची घडी. मी दवाखान्याचा विषय काढला तरी ते कुलूप बघायला जायचे. शेवटी एकदा बोललेच, "मी मेल्यावर इकणारच हाव, आता जित्तेपणीच इकायलाव का?"

त्यांच्या डोक्यात नवीन जागा नव्हतीच. आपण उठून गेलो की मागं घराचं काय होणार, एवढंच होतं. तेव्हापासून माझा नियम ठरलेला आहे. घर आणि जमीन जिथल्या तिथं राहणार हे आधी सांगायचं, ते त्यांना पटेपर्यंत नव्या जागेचा उच्चार करायचा नाही. मी ज्या शब्दांत सांगते ते असे: "अण्णा, घर इकायचं नाही, शेत इकायचं नाही, तुम्ही कुठं सही करायची नाही. किल्ली तुमच्यापाशीच राहील." एवढं बोलून गप्प बसायचं. पुढचे काही आठवडे तो विषय पुन्हा काढायचा नाही. त्यांना तेवढ्या वेळात कुलूप बघू द्या.

अर्थात हे खरं असेल तरच बोलायचं. घर विकूनच फ्लॅट घ्यायचा तुमचा बेत असेल तर पहिल्याच दिवशी तसं सांगा आणि होणारी भांडणं होऊ द्या. गोड बोलून नेलं आणि मागाहून घर विकलं, असं करणारे मी आमच्याच ओळखीत पाहिलेत. त्यानंतर त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसानं कुणावरच विश्वास ठेवला नाही, डॉक्टरवरसुद्धा.

आता कागदाचं, कारण भीती कागदाचीच असते.

राहायची जागा बदलल्यानं सातबाऱ्यावरचं नाव बदलत नाही. फेरफार, म्हणजे नाव बदलायची नोंद, आपोआप होत नाही. हे तुम्हाला माहीत असतं, त्यांना खात्री नसते. म्हणून ताजा सातबारा काढून त्यांच्या हातात द्या आणि स्वतःचं नाव त्यांना वाचू द्या.

नातेवाइकांपैकी कुणीतरी हमखास म्हणतो, "बक्षीसपत्र करून टाका, मुलांच्या नावावर करायला मुद्रांक शुल्क २०० रुपयेच लागतं." राहतं घर आणि शेतजमिनीला ते खरंच तेवढंच लागतं, आणि म्हणूनच तो सल्ला घातक आहे. नोंदवलेलं बक्षीसपत्र मनात आलं म्हणून मागं घेता येत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार, सांभाळायच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न केल्यास रद्द करून घेता येते, त्यासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणाकडं जावं लागतं. पण ती अट दस्तात स्पष्ट लिहिलेली असावी, आणि आपल्याकडं लेकरांपुढं अट लिहायला बापाला लाज वाटते. मृत्युपत्र बरं. दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही, आणि हयातीत कितीही वेळा बदलता येतं. तेही बोलणं सुरू असताना काढू नका. जागेचं बोलणं आणि सहीचं बोलणं यांच्यामध्ये निदान एक सुगी जाऊ द्या.

शेत बटईनं द्यायचं म्हटलं की दुसरी भीती वर येते, कूळ लागण्याची, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क लागण्याची. पुण्या-मुंबईच्या वकिलांना हे पटकन कळत नाही. मराठवाड्यात १९५० चा हैदराबादचा कूळ कायदा लागू आहे, आणि कुळाच्या नावावर गेलेल्या जमिनीच्या गोष्टी ऐकतच ही पिढी मोठी झाली. "आता असं काही होत नाही हो" म्हणून त्यांची समजूत पडत नाही. एकाच सालापुरता बटईचा कागद करा, तो तालुक्याच्या वकिलाला दाखवा. दर हंगामाची ई-पीक पाहणी (सातबाऱ्यावर पीक नोंदवणं) वडिलांच्या खात्यातूनच, घरच्या माणसानं शेतात जाऊन करायची. बटईचे पैसे वडिलांच्या पासबुकात जमा झाले पाहिजेत. त्यातून तुमचा हप्ता वळता करून घेऊ नका.

आईच्या बाबतीत ट्रंकेच्या जागी बहुतेक वेळा देव्हारा असतो. कुलस्वामिनीचा टाक इथून हलवायचा का, नवरात्रात घट कुठं बसवायचे, रोज दिवा कोण लावणार? ह्या प्रश्नांवर हसू नका आणि "देव सगळीकडंच असतो" हे तर चुकूनही म्हणू नका. आमच्याकडं टाक आईबरोबर गेले आणि घट गावातल्या घरातच बसतात. तुमच्याकडं काय करायचं ते आईला ठरवू द्या.

५. "मग तुझ्याकडंच ने की"

हे येणारच. उत्तर आधी ठरवून जा आणि खरं द्या. तुम्ही पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहता, सकाळी नऊला दोघंही बाहेर पडता, संध्याकाळपर्यंत घरी कुणी नसतं, तर हेच आणि इतकंच सांगा. बायकोवर ढकलू नका. ते येऊन राहू शकत असतील आणि तुम्हाला चालणार असेल, तर हा लेख बंद करा आणि त्यांना घेऊन जा.

६. जागा

त्यांना घेऊनच बघा. तुम्ही एकट्यानं पसंत केलेली जागा कितीही चांगली असली तरी तिच्यात खोट निघते.

पुण्याकडची ज्येष्ठांची संकुलं देखणी आहेत, पण औशाच्या माणसाला तिथं बोलायला कोण मिळणार? मी शक्यतो आपलाच जिल्हा धरते, गाव एसटीनं तासा-दीड तासावर राहील असं. ७५ वर्षांवरच्यांना एसटी फुकट आहे, ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट. मनात आलं की गावाकडं जाता येतं, ही गोष्ट त्यांना पटवताना फार कामाची पडते.

जागा बघायला मे महिन्यात जा. पाणी किती दिवसाआड येतं आणि टँकर कोण मागवतं ते तेव्हाच कळतं. वीज गेल्यावर लिफ्ट चालते का? बाथरूमची फरशी ओली करून बघा, भिंतीला धरायला दांडी आहे का बघा. महारेरानं, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणानं, २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी किमान निकष घालून दिलेत, त्यात दरवाजाची रुंदी ९०० मिलिमीटर आहे. टेप बरोबर न्या. संकुल असेल तर दोन गोष्टी लेखी घ्या: सोडून गेल्यास अनामत किती दिवसांत परत मिळते, आणि उद्या माणूस स्वतःचं स्वतः करेनासा झाला तर ते ठेवून घेतात की घेऊन जा म्हणतात. दुसऱ्या प्रश्नावर बोलणं लांबायला लागलं की तिथून निघा.

सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. जवळचा दवाखाना त्या योजनेच्या यादीत आहे ना, हेही बघून ठेवा.

७. गावाला सांगणं

हे त्यांचं काम. पारावर, देवळात, भावकीत त्यांनीच सांगायचं, त्यांच्या शब्दांत. "लातूरला जागा घेतली, उन्हाळ्यात तिकडं राहणार" असं ते म्हणाले तर म्हणू द्या. तुमच्या तोंडून बातमी फुटली की गाव म्हणणार, पोरांनी बापाला नेऊन टाकलं.

८. राहून बघणं

विकत घेऊ नका. उन्हाळ्याचे दोन महिने भाड्यानं राहा. गावातल्या घराची झाडलोट चालू ठेवा, तिथं भाडेकरू घालू नका. दोन महिन्यांनी परत जायचं म्हणाले तर कुरकुर न करता परत सोडून या. पुढच्या उन्हाळ्यात बऱ्याचदा तेच विचारतात.

साफ नाही म्हणाले, तर डोकं ठिकाणावर असलेल्या माणसाला नाही म्हणायचा हक्क आहे. गावातल्याच घरात कमोड आणि दांड्या बसवा, रात्री झोपायला एक माणूस ठेवा. भावंडांपैकीच कुणी सहीसाठी त्यांच्या मागं लागलं असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, तो नंबर त्यांच्या फोनमध्ये घालून द्या.

हो म्हणाले, तर सामान नेण्याआधी देव्हाऱ्याची भिंत कोणती ते त्यांना विचारा आणि मग कपाटं लावा. नाहीतर कपाटं दोनदा हलवावी लागतात.