दिवाळीला पाहुण्यांना द्यायला घरची कांदा लसूण चटणी

मिठाईचे बॉक्स सगळेच देतात आणि अर्धे तर पुढच्या घरी फिरतात, त्यापेक्षा पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना घरची कांदा लसूण चटणी द्या, लई खूश होतात बघा. वर्षाची चटणी उन्हाळ्यात डंकावर (मसाला कांडायच्या मशीनवर) होते ते वेगळं, पण गिफ्टपुरती थोडी आत्ता मिक्सरवरबी होते. मिरची कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारातनं घ्या, रंगाला पाव किलो ब्याडगी आणि तिखटाला 100 ग्रॅम संकेश्वरी, मुंबईवाल्यांसाठी संकेश्वरी निम्मीच टाका नाहीतर फोन येतील. सुकं खोबरं, धने, तीळ, खडा मसाला नेहमीसारखं भाजून घ्यायचं.

खरी मेख कांद्यात आहे. पातळ उभा चिरून ऑक्टोबरच्या कडक उन्हात चांगला वाळवा, मग तेलात कुरकुरीत तळा, बोटानं चुरा झाला पाहिजे. लसूणपण तळूनच घाला, कच्चा नको, ओल राहिली की चटणी बुरसते. दळल्यावर गरम असताना लगेच भरू नका, झाकणाला वाफ धरते. ताटात पसरून पूर्ण गार होऊ दे.

काचेची बरणी धुऊन उन्हात खडखडीत वाळवून घ्या, चटणी दाबून भरा म्हणजे हवा राहत नाही. एसटीनं किंवा कुरिअरनं पाठवायची असेल तर मात्र काच नकोच, जाड पिशवीत भरून सील करा आणि वरनं दुसरी पिशवी, कारण तेल सुटतंच. लेबलवर तारीख आणि "कोरडाच चमचा वापरा" एवढं लिहा. सोबत गुळाची छोटी ढेप दिली तर अजून भारी.