क्रुसाची खूण करताना या चुका टाळा

रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, सुरू व्हायच्या आधी वसईतल्या कुठल्याही चर्चच्या दारात थोडा वेळ उभं राहिलं, तर क्रुसाच्या खुणेचे नाना प्रकार दिसतात. कुणी पाण्यात बोट बुडवून कपाळाला टेकवतो आणि आत जातो. कुणाचा हात गळ्यासमोर एक गिरकी घेऊन खाली येतो. कुणाचं चपला काढणं, मोबाईल खिशात टाकणं आणि खूण करणं एकाच दमात उरकतं. यातल्या कुणाच्याही श्रद्धेवर मला शंका नाही. पण ही खूण म्हणजे प्रार्थनेआधीची तयारी, असा समज आपल्यात रुजलाय आणि बाकीच्या चुका त्यातूनच येतात. क्रुसाची खूण ही स्वतःच एक पूर्ण प्रार्थना आहे. देव एक आहे आणि तो पिता, पुत्र व पवित्र आत्मा आहे, हे आपण तोंडाने म्हणतो. त्याच वेळी, आपलं तारण ज्या क्रुसावर झालं तो क्रूस हाताने अंगावर काढतो. श्रद्धेचे दोन मोठे विषय चार-पाच सेकंदांत येतात. तेवढे सेकंद तरी तिला द्यावेत.

हात आणि शब्द यांची फारकत

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. शब्द संपलेले असतात आणि हात अजून डाव्या खांद्यावर असतो, किंवा हात खाली आलेला असतो आणि ओठ ‘आत्म्याच्या’पाशी अडखळलेले असतात. मराठीत म्हणताना वाटणी साधी आहे. उजव्या हाताची बोटं जुळवून कपाळावर ठेवा: ‘पित्याच्या’. मग छातीवर: ‘आणि पुत्राच्या’. डाव्या खांद्यावर ‘आणि पवित्र’, उजव्या खांद्यावर ‘आत्म्याच्या’. मग दोन्ही हात जोडून ‘नावाने. आमेन.’ डावा हात तोवर छातीवर टेकवलेला ठेवावा, म्हणजे तो लोंबकळत राहत नाही. बोटं खरोखर कपाळाला, छातीला आणि दोन्ही खांद्यांना लागली पाहिजेत. हवेत काढलेल्या खुणेचा पुढे पुढे गोलच होतो.

पाचही बोटं सरळ जुळवण्याची आपल्याकडची रीत प्रभू येशूच्या पाच जखमांची आठवण म्हणून सांगतात. पुढची दोन बोटं चिमटीसारखी धरून खूण केली तर पाप लागत नाही, पण मुलांना शिकवताना उघडा हातच शिकवावा.

इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाणाऱ्या मुलांचा गोंधळ वेगळा असतो आणि त्याकडे घरचे सहसा लक्ष देत नाहीत. इंग्रजीत ‘नावाने’ हा भाग सुरुवातीलाच, कपाळावर हात असताना येतो. मराठीत तो शेवटी येतो. मूल शाळेत एक आणि चर्चमध्ये दुसरं म्हणतं, मग मराठीत ‘नावाने’ला हात कुठे न्यायचा ते त्याला कळत नाही आणि ते पुन्हा छातीवर थाप मारतं. त्याला ओरडू नका. ‘नावाने’ म्हणताना हात जोडायचे, एवढं एकदा करून दाखवलं की पुरतं.

समोर बसून शिकवू नका

धर्मशिक्षणाच्या वर्गात लहान मुलं उजवा खांदा आधी का धरतात, याचं कारण बहुधा शिकवणाऱ्याच्या जागेत असतं. आपण मुलासमोर बसून खूण करतो आणि मूल आरशात बघावं तशी ती उचलतं. आपला हात जिकडे सरकतो तिकडेच ते आपला सरकवतं. आपण ‘चुकलं’ म्हणतो आणि त्याला काय चुकलं ते कळत नाही. मुलाच्या मागे उभं राहावं, त्याचा उजवा हात आपल्या हातात घ्यावा आणि हळू हळू चारही ठिकाणी न्यावा. आजी मांडीवर घेऊन शिकवते ती पद्धत याचमुळे अचूक असते: दोघांची तोंडं एकाच दिशेला असतात.

मात्र उजवा खांदा आधी धरणारा प्रत्येक जण चुकतो असं समजू नका. बायझंटाईन, म्हणजे पूर्वेकडच्या, परंपरेचे कॅथलिक, उदाहरणार्थ युक्रेनमधले, उजवीकडून डावीकडेच खूण करतात आणि तेही रोमशी तितकेच एकनिष्ठ आहेत. आपण लॅटिन, म्हणजे पश्चिमेकडच्या, परंपरेचे, म्हणून आपली डावीकडून उजवीकडे. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे, गोव्याहून आलेल्या कुटुंबांत, जुनी माणसं आधी अंगठ्याने कपाळ, ओठ आणि छातीवर तीन लहान क्रूस काढून ‘आमच्या शत्रूंपासून आम्हाला सोडव’ अशी विनवणी करतात आणि मगच मोठी खूण करतात. ती रीत टिकवण्यासारखी आहे. घाईच्या नावाखाली ती सोडू नका.

दारातलं पाणी

चर्चच्या दारातलं पवित्र पाणी आपल्या स्नानसंस्काराची, म्हणजे बाप्तिस्म्याची, आठवण आहे. त्याच तीन नावांनी आपल्या डोक्यावर पाणी ओतलं गेलं होतं. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 28 व्या अध्यायात प्रभूने शिष्यांना तीच आज्ञा दिली आहे. म्हणून पाणी घेऊन पूर्ण खूण करायची. नुसतं कपाळ ओलं करून थांबू नये. बोटांची टोकं बुडली तरी पुरे, ओंजळ भरायची गरज नाही.

मिस्सामध्ये

सुरुवातीला फादर ‘पित्याच्या आणि पुत्राच्या’ म्हणतात, तेव्हा सगळ्यांनी खूण करायची, पण मोठ्याने म्हणायचं ते फक्त ‘आमेन’. अनेक ठिकाणी सगळा समुदाय फादरांबरोबर पूर्ण वाक्य म्हणतो. तिथे आपलं उत्तर ‘आमेन’ हेच आहे.

शुभवर्तमानाच्या वाचनाच्या वेळी अंगठ्याने तीन लहान क्रूस काढायचे: कपाळावर, ओठांवर आणि छातीवर. प्रभूचं वचन माझ्या बुद्धीत, माझ्या मुखी आणि माझ्या हृदयात राहो, हा त्यामागचा भाव. इथे बरेच जण लगेच मोठी खूणही जोडतात. ती नको.

ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सामध्ये मिळणारी पवित्र भाकर, स्वीकारताना मात्र फार जपावं लागतं. हातावर घेतल्यावर तिथेच, फादरांसमोरच ते ग्रहण करायचं. काही जण एका हातात ख्रिस्तशरीर धरून दुसऱ्या हाताने खूण करतात आणि रांगेतल्या धक्काबुक्कीत ते पडण्याची भीती असते. घेण्याआधी मान लववून वंदन करा. खूण करायचीच असेल तर ग्रहण केल्यावर, बाजूला होऊन.

ताईत समजू नका

होडी खाडीतून बाहेर काढताना आमचे कोळी बांधव क्रुसाची खूण करतात. पेपर हातात आल्यावर मुलं करतात. ऑपरेशनला नेताना बायका करतात. हे सगळं योग्यच आहे. इ. स. 200 च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या तेर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने लिहून ठेवलंय की ख्रिस्ती माणसं घरातून निघताना, परतताना, पायात जोडे घालताना, जेवायला बसताना, दिवे लावताना, झोपताना कपाळावर ही खूण करतात. आपल्या घरात दिवेलागणीला होणारी खूण इतक्या जुन्या रांगेतली आहे. चूक तेव्हा होते, जेव्हा आपण मनात हिशोब धरतो: खूण केली, आता वाईट काही होणार नाही. आणि काही वाईट झालं की देवावर रुसतो.

आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया 5 फेब्रुवारी 1597 रोजी जपानमधल्या नागासाकीला क्रुसावर मारले गेले. लहानपणापासून ते हीच खूण करत आले असतील, आणि क्रूस त्यांच्या वाट्याला आलाच. खूण करणारा देवाला म्हणतो, मी तुझा आहे, पुढे जे येईल त्यात माझ्याबरोबर राहा. होडी बाहेर काढताना हेच म्हणावं आणि मग इंजिन, डिझेल, हवामानाचा इशारा हेही तपासावं.

वारंवार विचारलं जाणारं

डावखुऱ्या मुलाने कुठल्या हाताने करावी? उजव्याच, तशी रीत आहे. पण त्यासाठी हातावर फटका मारू नये. उजवा हात प्लास्टरमध्ये असेल किंवा कडेवर बाळ असेल तर डाव्या हाताने करायला काहीच हरकत नाही. शेवटी बोटांना मुका देणं ही केवळ लोकरीत आहे, वाटलं तर करा. हॉटेलात जेवणाआधी खूण करायची लाज वाटते म्हणून टेबलाखाली अंगठा फिरवणाऱ्यांना एवढंच सांगेन: शेजारच्या टेबलावरचा हिंदू किंवा मुसलमान माणूस प्रार्थना करणाऱ्याला हसत नाही. प्रोटेस्टंट नातेवाईक खूण करत नसतील तर त्यांना टोकू नका, त्यांच्या मंडळीत सहसा ती रीत नाही.

आणि मोटारसायकलवर असताना वाटेत चर्च किंवा नाक्यावरचा क्रूस आला, तर हँडल सोडू नका. मनातल्या मनात म्हणा, हातांनी गाडी धरून ठेवा.